मागच्या जागेवरचा माणूस

12 मे 1940 च्या सकाळी बेल्जियममधल्या वेल्डवेझेल्टच्या पुलापाशी हल्ला करताना जे फेअरी बॅटल विमान पाडलं गेलं, त्यात तीन माणसं होती. मी त्यावर दिवाळी अंकात लेख लिहिला, त्यात दोनच होती. वैमानिक फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गारलंड आणि त्याचा नॅव्हिगेटर (तेव्हाच्या भाषेत ऑब्झर्व्हर) सार्जंट टॉमस ग्रे. तिसरा लॉरेन्स रेनॉल्ड्स. हुद्दा लीडिंग एअरक्राफ्टमन, काम वायरलेस आणि मागच्या मशिनगनचं, वय 20. त्याचं नाव मला माहीत नव्हतं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते माझ्या टिपणवहीत होतं, माझ्याच अक्षरात. लेख लिहायला बसलो तेव्हा मी ते घेतलं नाही.

का घेतलं नाही, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं आणि ते फारसं बरं नाही. दोन माणसांची गोष्ट चांगली बसत होती. एक आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात जन्मलेला 21 वर्षांचा अधिकारी. दुसरा विल्टशरच्या खेड्यातला, कोवळ्या वयात हॉल्टनच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल होऊन सार्जंट झालेला, सव्विसाव्या वाढदिवसाला पाच दिवस उरलेले. दोघांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला मिळालेले ते पहिलेच व्हिक्टोरिया क्रॉस. अधिकारी आणि सार्जंट, एक पूल, एक पदक. तिसरा माणूस आणला की तो तिथे काय करत होता हे सांगावं लागलं असतं आणि ते मला सांगता येत नव्हतं. म्हणजे माझ्या अज्ञानाची किंमत त्याने भरली.

आधी घटना सांगतो, कारण माझ्या बाकीच्या चुका तिच्या तपशिलांतच दडलेल्या आहेत.

10 मे 1940, शुक्रवार. पहाटे जर्मन ग्लायडर एबन-एमाएलच्या किल्ल्यावर आणि आल्बर्ट कालव्यावरच्या पुलांशेजारी उतरले. अँटवर्पपासून लीएजपर्यंत जाणारा हा कालवा आदल्याच वर्षी पुरा झाला होता आणि पूर्वेकडून येणाऱ्या सैन्याला अडवायची बेल्जियमची सगळी भिस्त त्यावर होती. कान्नेचा पूल बेल्जियन सैनिकांनी वेळेत उडवला. वेल्डवेझेल्टचा लोखंडी पूल आणि व्रूनहोवेनचा काँक्रीटचा पूल मात्र धडधाकट अवस्थेत जर्मनांच्या हाती पडले. मास्ट्रिख्टकडून येणारे रणगाडे आता थेट बेल्जियमच्या सपाट मैदानात उतरू शकत होते.

फ्रान्समध्ये रीम्सच्या आसपास ब्रिटिशांच्या बॅटल विमानांच्या दहा स्क्वाड्रन होत्या. युद्ध जाहीर होण्याच्या आदल्या दिवशीच, 2 सप्टेंबर 1939 ला, त्या तिथे जायला निघाल्या होत्या. 10 मेच्या दुपारी 32 बॅटल लक्झेंबर्गमधल्या जर्मन फौजांवर गेली, 13 परतली नाहीत. 11 तारखेला 8 गेली, एक परत आलं. त्याच दिवशी बेल्जियन हवाई दलाची स्वतःची 9 बॅटल कालव्यावरच्या याच पुलांवर तुटून पडली. त्यांच्याकडे 50 किलोचे बॉम्ब होते, पुलाला त्यांचं काही झालं नाही, आणि 9 पैकी 6 विमानं पडली. त्यांचा नेता कॅप्टन आंद्रे ग्लोरी मारला गेला.

माझ्या लेखात हे बेल्जियन वैमानिक नव्हतेच. मी लिहिलं होतं की पुलावर बॅटल घेऊन धडकण्याचं धाडस पहिल्यांदा गारलंडने केलं. मी वाचलेली सगळी पुस्तकं ब्रिटिशांनी लिहिलेली होती आणि त्यांत आदल्या दिवसाची ही हकीकत एखाद्या ओळीत होती किंवा नव्हतीच. ज्यांच्या देशावर हल्ला झाला, ज्यांच्या घरादारावरून ते रणगाडे जाणार होते, त्यांचाच हल्ला मी गाळला. रेनॉल्ड्सच्या बाबतीत झालं तेच इथेही झालं होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

12 तारखेचा रविवार. आमीफोंतेनच्या धावपट्टीवर 12 क्रमांकाची स्क्वाड्रन होती. पुलांपासून साधारण 200 किलोमीटर. पूल काहीही करून पाडायचे असा हुकूम आला, जाण्यासाठी स्वेच्छेने पुढे या असं सांगितलं गेलं आणि सगळेच पुढे आले. सहा विमानं जायची होती. एक नादुरुस्त निघालं, त्याच्याऐवजी घेतलेलंही बिघडलं, शेवटी पाच उडाली. दोन व्रूनहोवेनला, तीन वेल्डवेझेल्टला. व्रूनहोवेनच्या तुकडीचा प्रमुख नॉर्मन टॉमस आणि गारलंड यांच्यात निघण्यापूर्वी मतभेद झाला. टॉमसला उंचावरून सूर मारत यायचं होतं, गारलंडचा आग्रह ढगांखालून, जमिनीलगत जाण्याचा. दोघांनी आपापल्या मताप्रमाणे केलं. टॉमसचं विमान पडलं आणि तो कैद झाला. त्याच्या जोडीच्या डेव्हीने विमान कसंबसं मागे आणलं आणि शेतात उतरवलं. गारलंडच्या तुकडीतली तिन्ही विमानं पडली. मॅकिन्टॉश आपल्या माणसांसह पकडला गेला. मार्लंडच्या विमानातले तिघेही मेले. गारलंडच्या विमानातले तिघेही मेले.

एका जर्मन अधिकाऱ्याने पकडलेल्या मॅकिन्टॉशला जे ऐकवलं ते पुढे बऱ्याच पुस्तकांत आलं आहे. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता की आम्ही शुक्रवारी पूल घेतला, विमानवेधी तोफा मांडायला तुम्ही आम्हाला दोन दिवस दिलेत, आणि त्या जागेवर बसल्यावर मग तुम्ही विमानं धाडलीत. मला हे वाक्य अजूनही बोचतं, कारण त्यात खोटं काही नाही.

पुलाचं काय झालं? मी लिहिलं होतं: पूल कोसळला. तसं झालं नव्हतं. वेल्डवेझेल्टच्या पुलाच्या पश्चिमेकडच्या टोकाला नुकसान झालं, पण जर्मनांची वाट बंद पडली नाही. ज्या सकाळी हा हल्ला झाला त्याच दिवशी चौथ्या पँझर डिव्हिजनचे रणगाडे तिथून साधारण 45 किलोमीटर पुढे, हानूच्या परिसरात फ्रेंचांशी लढत होते. म्हणजे ज्यांना अडवायचं होतं ते आधीच पलीकडे पोचले होते. हे मला नकाशावर बोट ठेवून पाच मिनिटांत कळलं असतं. मी नकाशा उघडला नाही. पूल कोसळला असता तर त्या मरणाला अर्थ आला असता, आणि मला तो हवा होता.

लेख छापून आला. लोकांना आवडला. त्यावरून मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. पुण्यातल्या अशाच एका व्याख्यानानंतर ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ थांबून राहिले. हवाई दलात लोहगावला लिबरेटर विमानांवर सिग्नलर म्हणून त्यांची नोकरी झाली होती. सभागृह रिकामं झाल्यावर ते जवळ आले.

"अहो, एक विचारू? मागे कोण होतं?"

मला प्रश्न कळला नाही.

"बॅटलला तीन माणसं लागत. तुम्ही पुढचा सांगितलात, मधला सांगितलात. मागे कोण होतं?"

मी म्हणालो, "रेनॉल्ड्स नावाचा एक जण होता. त्याला पदक मिळालं नाही."

"मग?" ते म्हणाले.

त्या "मग?"ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी मला घरी बोलावलं. मी गेलो, पुढेही जात राहिलो, त्यांना काका म्हणू लागलो, आणि विमानाच्या आतलं आयुष्य मला पहिल्यांदा कळायला लागलं.

बॅटलच्या रचनेबद्दल मी लेखात जे लिहिलं होतं तेही उथळ होतं. "हलकं बॉम्बर" हे शब्द वाचून मी त्याला चिमुकलं करून टाकलं. प्रत्यक्षात पंखांची लांबी साडेसोळा मीटर आणि भरलेलं वजन जवळजवळ पाच टन. त्याला एकच इंजिन, रोल्स-रॉइसचं मर्लिन. हेच इंजिन हरिकेन आणि स्पिटफायरला होतं. त्या एका इंजिनावर बॅटलने तीन माणसं आणि हजार पौंडांचे बॉम्ब ओढायचे. वेग ताशी 400 किलोमीटरच्या थोडा पुढे. पंखात पुढे मारा करणारी एक मशिनगन, मागे एक व्हिकर्स. गोळी लागली तर आपोआप मिटणाऱ्या इंधनाच्या टाक्या नाहीत. विमान पहिल्यांदा उडालं मार्च 1936 मध्ये, आणि त्या वर्षीच्या मापाने ते वाईट नव्हतं. मी "उडत्या शवपेट्या" असा शब्दप्रयोग केला होता. काकांनी तो वाचून मान हलवली. ते म्हणाले की यंत्राला दोष देणं सोपं असतं, यंत्राची बाजू घ्यायला कुणी येत नाही. दिवसाढवळ्या, जमिनीलगत, सज्ज तोफांवर एका इंजिनाचं विमान पाठवायचं कुणी ठरवलं ते लिहा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दोनच दिवसांनी, 14 मे रोजी, फ्रान्समधल्या सेदांच्या पुलांवर 71 बॉम्बर गेली आणि 40 परतली नाहीत. त्यांतली बहुतेक बॅटल होती. तोवर शिकण्याजोगं सगळं समोर आलेलं होतं.

मग मागच्या माणसाकडे वळलो.

युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश हवाई दलातले एअर गनर हे मुळात जमिनीवरचे कारागीर होते. वायरलेसवाले, फिटर, शस्त्रांची देखभाल करणारे. आपलं जमिनीवरचं काम सांभाळून ते उडत, त्यासाठी थोडा जादा भत्ता मिळे, आणि उतरल्यावर पहारा, साफसफाई, यातलं काहीच चुकत नसे. छातीवर लावायचा एका पंखाचा बिल्लासुद्धा त्यांना 1939 च्या डिसेंबरात मिळाला. त्याआधी बाहीवर पंख असलेली पितळी गोळी असे, तेवढीच खूण. पायलट आणि ऑब्झर्व्हर यांच्याशी त्यांचं आयुष्य जोडलेलं, पण मेस वेगळी, पगार वेगळा, राहण्याची जागा वेगळी. मे 1940 च्या अखेरीस नियम बदलला आणि विमानातून लढणारा प्रत्येक जण किमान सार्जंट झाला. रेनॉल्ड्स त्याच्या दोन आठवडे आधी मेला होता.

हे वाचलं आणि मी पेटून उठलो. त्यातून पुढची चूक झाली. पहिल्या चुकीइतकीच ती मोठी आहे असं मला वाटतं, कारण या वेळी मी सत्याच्या बाजूने लिहितो आहे अशी माझी खात्री होती.

एका साप्ताहिकात मी दुरुस्तीचा लेख लिहिला. शीर्षकात "अन्याय" होता. त्यात मी म्हटलं की ब्रिटिश अधिकारीवर्गाने खालच्या हुद्द्याच्या मुलाला मुद्दाम डावललं, साहेबांना पदक आणि चाकराला माती, हीच साम्राज्याची रीत. आपल्याकडे असं वाक्य लिहिणं फार सोपं. वाचकाला ते लगेच पटतं, लिहिणाऱ्याला वाहवा मिळते आणि कुणी पुरावा विचारत नाही. मलाही कुणी विचारला नाही. काकांनी विचारला.

"ग्रे अधिकारी होता का?"

नव्हता. तो सार्जंट होता. माझ्या सिद्धांताचा अर्धा भाग तिथेच कोसळला. उरलेला अर्धा पुढे नियमांची पुस्तकं पाहताना गेला. त्या काळी ब्रिटिश सैन्यात मेलेल्या माणसाला दोनच गोष्टी देता येत असत: व्हिक्टोरिया क्रॉस, नाहीतर खलित्यांत नावाचा उल्लेख. त्यांच्यामध्ये काहीच नाही. डीएफएम (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल) हे पदक खास अधिकारी नसलेल्या उडणाऱ्यांसाठी होतं, मागच्या मशिनगनवरच्या कित्येकांनी ते मिळवलं, पण ते जिवंत असेपर्यंतच. हा नियम 1979 पर्यंत टिकला. म्हणजे रेनॉल्ड्स जगला असता तर डीएफएम मिळण्याची वाट त्याला खुली होती. मेल्यावर त्याच्यासाठी सर्वोच्च पदक किंवा जवळजवळ काही नाही, एवढेच पर्याय होते.

आणि सर्वोच्च पदकाचं मानपत्र पाहिलं तर त्याची मांडणीच दोघांची आहे. गारलंडला तुकडीचं नेतृत्व केल्याबद्दल श्रेय, ग्रेला एवढ्या माऱ्यातून सगळ्या तुकडीला लक्ष्यापर्यंत नेल्याबद्दल. मागच्या माणसाने काय केलं हे त्यात नाही, कारण पाहणारं कुणी उरलं नव्हतं. 11 जून 1940 ला ते गॅझेटमध्ये आलं तेव्हा गारलंडच्या तुकडीतले सगळे जण एकतर मेलेले किंवा जर्मनांच्या कैदेत. मानपत्र वरून पाहणाऱ्या लढाऊ वैमानिकांच्या आणि परत आलेल्या एकट्या वैमानिकाच्या सांगण्यावर उभं आहे. त्यात निवड चिठ्ठ्या टाकून झाली असं लिहिलंय. पुढच्या इतिहासकारांनी मात्र त्या दिवशी ड्युटीच्या यादीवर असलेलेच क्रू गेले असं नोंदवलं आहे. त्यात सूर मारून हल्ला केल्याचं लिहिलंय. गारलंडची तुकडी जमिनीलगत गेली होती. मी माझा पहिला लेख या मानपत्रावर बेतला होता. चिठ्ठ्या, सूर, कोसळणारा पूल, दोन वीर, सगळं त्यातलं आणि काही माझ्या पदरचं.

मला असं म्हणायचं नाही की हुद्द्याचा भेद नव्हता. होता. वेगळ्या मेसपासून वेगळ्या बिल्ल्यापर्यंत होता, आणि मागे बसणाऱ्याच्या हातात निर्णय नसतो म्हणून त्याचं धैर्य मोजलं जात नाही, हा विचार त्या पदकामागे असणारच. पण मी ते सिद्ध न करता लिहिलं होतं, आणि रेनॉल्ड्सला माझ्या रागाचं साधन केलं होतं. पहिल्या लेखात तो नव्हता. दुसऱ्या लेखात त्याचं नाव होतं, पण त्या नावाखाली माणूस नव्हता. तो काय करत होता हे मी तेव्हाही लिहिलं नव्हतं.

नंतर ब्रिटिश हवाई दलाने आपल्या व्हीसी-10 वाहतूक विमानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांची नावं दिली. एका विमानावर गारलंड आणि ग्रे अशी दोन नावं होती. तो फोटो मी लेखासोबत छापला होता, पुरावा म्हणून. आज तो पाहिला की वाटतं, त्या विमानावर रंगवणाऱ्याने यादी पाहून नावं रंगवली. मीही तेच केलं होतं, आणि मी तर स्वतःला अभ्यासक म्हणवत होतो.

आता जी चूक सांगायला मला सगळ्यात जड जातं ती.

पहिल्या लेखाच्या शेवटाजवळ मी एक संवाद घातला होता. पूल दिसतो, गारलंड ग्रेला म्हणतो: "पूल दिसतोय टॉमस. आता मागे वळायचं नाही." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. मी ते माझ्या टेबलावर रात्री रचलं. रचताना मला त्यात वावगं काही वाटलं नाही. प्रसंग जिवंत करायला एवढं चालतं असं मी मानत होतो, आणि माझ्या ओळखीचे लिहिणारेही मानत होते. त्याला अवतरणचिन्हं दिली तेव्हा हात अडखळला नाही.

पुढे एका तालुक्याच्या गावी शालेय वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. आठवी-नववीतली एक मुलगी शौर्य या विषयावर बोलायला उभी राहिली. शिवकालातून ती थेट बेल्जियमच्या पुलावर आली, आणि मुठी आवळून तिने ते वाक्य म्हटलं. नावासकट, "टॉमस" म्हणून. तिचा आवाज भरून आला होता. टाळ्या झाल्या. तिने माझा लेख पाठ केला होता आणि मी तिथे बसलो आहे हे तिला माहीत नव्हतं.

मी काही बोललो नाही. तिला चांगले गुण दिले, बक्षीस दिलं, पाठीवर हात ठेवून कौतुक केलं आणि परतीच्या गाडीत बसलो. त्या मुलीने विश्वासाने एका मेलेल्या माणसाच्या तोंडचे शब्द म्हटले होते आणि ते त्याचे नव्हते. मी ते तिला तिथल्या तिथे सांगू शकत होतो. तिचा विरस होईल असं मी मनाशी म्हटलं. खरं तर माझाच विरस झाला असता, भरल्या सभेत.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या विमानात काही बोलणं झालं तर ते सगळ्यांना ऐकू येई. तुमचा गारलंड ग्रेशी बोलला तेव्हा मागच्याला ऐकू आलं का?" ते माझी उलटतपासणी घेत नव्हते. ते खरोखर त्या विमानात मागे बसून विचार करत होते.

मी त्या मुलीच्या शाळेतल्या शिक्षकांना पत्र लिहिलं. वाक्य माझं आहे, गारलंडचं नाही, पूल कोसळला नव्हता, आणि विमानात तिसरा माणूस होता, हे तिन्ही लिहिलं आणि ते त्या विद्यार्थिनीपर्यंत पोचवा अशी विनंती केली. शिक्षकांनी उत्तर पाठवलं की ती आता पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेली आहे, तरी ते निरोप देतील. तो पोचला का हे मी पुन्हा विचारलेलं नाही. विचारायला हवं. दिवाळी अंकाच्या संपादकांना दुरुस्ती छापायची विनंती केली, त्यांनी पुढच्या अंकात ती छापली. पण जुना अंक वाचनालयांत आहे, घराघरांत आहे, आणि त्यातलं वाक्य कुणाच्या तरी तोंडी असणार.

रेनॉल्ड्सबद्दल जे खात्रीने लिहिता येतं ते थोडं आहे. गारलंडबद्दल खूप आहे. त्याचे तिन्ही भाऊ, डेस्मंड, जॉन आणि पॅट्रिक, पुढे याच युद्धात हवाई दलात असताना गेले, चारही मुलगे गेले, आणि कुणीही लिहिताना तिथे थांबतो. मीही थांबलो होतो, दोन परिच्छेद. ती हळहळ खोटी नव्हती. पण तिच्यामुळे मी कागद आहेत तिथेच रेंगाळलो. रेनॉल्ड्सच्या घरच्यांबद्दल मी एक ओळही शोधली नव्हती.

त्याच्या कामाबद्दल मात्र लिहिता येतं, आणि ते मला काकांनी शिकवलं. जमिनीलगतच्या हल्ल्यात ऑब्झर्व्हरला पोटावर झोपून नेम धरायला वाव नसतो, बॉम्ब पायलटच सोडतो. बॉम्बना 11 सेकंद उशिराने फुटणारे फ्यूज लावत, म्हणजे विमान स्वतःच्याच स्फोटात सापडू नये. त्या वेळी विमानाचं तोंड पुलाकडे असतं आणि मागच्याचं तोंड उलट दिशेला. पुढच्या दोघांना लक्ष्य जवळ येताना दिसतं. मागच्याला फक्त ओलांडून गेलेलं दिसतं. तोफा जिथून मारा करतात ती जागा त्याला विमान पुढे गेल्यावर कळते, आणि व्हिकर्सची नळी शेपटीच्या आड जमिनीकडे फारशी झुकत नाही. मागून लढाऊ विमान आलं तर पायलटला ओरडून वळण सांगायचं काम त्याचं. त्याने त्या सकाळी यातलं काय काय केलं हे सांगायला कुणी परतलं नाही. पण तो त्या जागेवर होता. विमान लानाकनजवळ पडलं, गावकऱ्यांनी तिघांनाही जर्मनांना कळू न देता पुरलं, आणि नंतर लूव्हेनजवळच्या हेवर्ले युद्धस्मशानात तिघांनाही हलवलं. गावकऱ्यांनी पदक विचारलं नव्हतं.

त्या दिवशी मार्लंडच्या विमानातलेही तिघे गेले: सार्जंट फ्रेड मार्लंड, सार्जंट केनेथ फुटनर, लीडिंग एअरक्राफ्टमन जॉन पेरिन. माझ्या दोन्ही लेखांत "तुकडीतली इतर विमानंही पडली" एवढंच होतं. रेनॉल्ड्सला पदक न मिळाल्याबद्दल मी लेखभर संतापलो, आणि जिथे तिघांपैकी कुणालाच काही मिळालं नाही त्या विमानातल्यांची नावंही दिली नाहीत.

आता हे सगळं पुस्तकासाठी नव्याने लिहिलं आहे. मसुदा काकांकडे नेला. डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी वाचून दाखवत होतो आणि ते ऐकत होते. बेल्जियन विमानांचा भाग त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावला. पुलाच्या नुकसानीच्या वाक्यातला "प्रचंड" त्यांनी काढायला सांगितला. रेनॉल्ड्सचा भाग आला. मी लिहिलं होतं, "मागे मशिनगन धरून बसलेला रेनॉल्ड्स". काकांनी हात वर केला.

"वायरलेस आधी लिहा," ते म्हणाले. "गन नंतर. त्याचा ट्रेड वायरलेसचा. कानाला फोन लावलेले असणार त्याने."

मी पेन्सिलने ते वाक्य खोडलं, वरच्या ओळीत वायरलेस लिहिलं, आणि पुढचं पान वाचायला घेतलं.